अण्णांनी पदर उलटून पाहिला

मित्रांनो, आज नाशकात पुतणीचा साखरपुडा झाला. ती मी विणलेली पैठणी नेसली होती.

आमची भावकी कांदा पिकवणारी. मी येवल्यात नुसतं बघून बघून माग शिकलो, तेव्हा माझे चुलते, अण्णा, चारचौघांत म्हणाले होते, "नांगर सोडून हा लुगडी विणणार!" भावकी पोट धरून हसली. पुढे माझे चार माग झाले, तसं हसणं थांबलं. माझ्याशी बोलणंही थांबलं.

आज अण्णांनी पुतणीला जवळ बोलावलं आणि पदर उलटून पाहिला. पैठणीची पारख तिथंच होते, मागूनही ती पुढच्यासारखीच दिसायला हवी. माझी दिसते. त्यांनी मोराच्या मानेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"झ्याक हाय. कुणाकडनं घेतली गं?"

"काकांनी विणलीय, आजोबा."

त्यांनी पदर सोडला. "पंगत बसवा रे, लय उशीर झाला."

गिऱ्हाइकं रोज वाहवा करतात हो. पण जेवताना माझे कान अण्णांकडेच होते.

त्यांच्या सख्ख्या नातीचंही लग्न जमतंय. तिच्यासाठी एक पैठणी मी आधीच मागावर चढवलीय. अण्णा न्यायला येतील, असं वाटतं का तुम्हाला?