हुमनाबाद ते बसवकल्याण, सूत अठरा हात

चौतीस वर्षं सरकारी बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस घरात ठेवायचा म्हणजे काय, ते हुमनाबादच्या रत्नम्माला विचारावं. तिचा नवरा हावगेप्पा हारतुरे घेऊन निवृत्त होऊन घरी आला खरा, पण आठवड्याभरात तिला कळून चुकलं, की हा माणूस बसमधून अजून उतरलेलाच नाही. तो जेवायचा उभ्यानं, चौकटीला खांदा टेकवून. बोलता बोलता गुडघ्यात वाकून डावीकडं झुकायचा, जणू पुढं वळण आहे. स्वयंपाकघरात दोन बायका एकदम शिरल्या की "पुढं सरका, पुढं सरका" करायचा. पाहुणे निघाले की दारावर दोन थापा मारून "रैट!" म्हणायचा, आणि कुणी चप्पल विसरून मागं फिरलं की "होल्डान!" आमच्याकडच्या बसगाड्या या दोन शब्दांवरच सुटतात आणि थांबतात. माणसांचं तसं नसतं. रत्नम्माचा सख्खा भाऊ त्या "रैट"नं एवढा दुखावला, की दिवाळीलासुद्धा फिरकला नाही.

"अहो, जरा बसा की कुटं तरी!" रत्नम्मा वैतागून म्हणायची.

"बसलो की डेपो आल्यावानी वाटतंय," हावगेप्पा म्हणायचा. आणि खोटं नाही, बसला की पाच मिनिटांत त्याचा डोळा लागायचा.

शेवटी तिनं त्याला सोमवारच्या शरण बैठकीला, म्हणजे बसवण्णांच्या भक्तमंडळींच्या सत्संगाला, नेलं. बैठक चालवायच्या मल्लेश्वरी अक्का. सत्तरीची बाई, पण अजून रोज पहाटे उठून शेवया करून विकणारी, आणि आवाज असा, की समोरच्यानं न सांगता उठून उभं राहावं. त्यांचा नेम एकच. नवा माणूस आला की त्यानं नाव सांगायचं आणि कायक सांगायचं. कायक म्हणजे इमानानं, घाम गाळून केलेलं रोजचं काम. बसवण्णांच्या वाटेनं जाणाऱ्याला ते पूजेहून वरचढ. त्यात अक्कांनी स्वतःची एक मेख मारून ठेवली होती. कालचं काम चालत नसे, आजचं सांगावं लागे.

हावगेप्पाच्या आधी श्रीशैल उठला. "श्रीशैल. पंक्चर काढतो." सगळ्यांनी "शरणु शरणार्थी" म्हणून हात जोडले. मग हावगेप्पाची पाळी आली.

"हावगेप्पा," तो म्हणाला, आणि पुढं गाडीच अडली. कंडक्टर होतो म्हणावं तर ते कालचं. निवृत्त म्हणावं तर ते काही कायक नव्हे. आज सकाळी उठून आपण काय केलं? चहा प्यालो, पेपर वाचला, पुन्हा चहा प्यालो. चाळीस माणसं बघत होती. चौतीस वर्षांत ज्यानं भरल्या गाडीत मान खाली घातली नव्हती, त्याची मान आता खाली गेली. तिथं त्याला स्वतःच्या बाहीला लोंबणारा एक सुटलेला दोरा दिसला.

"सूत काततो," हावगेप्पा म्हणाला.

रत्नम्मानं डोळे मिटून घेतले. मल्लेश्वरी अक्कांचा चेहरा मात्र दिवा लावल्यासारखा उजळला. हातानं सूत कातणारा माणूस आजच्या दिवसांत, आणि तो आपल्या हुमनाबादेत! त्यांनी तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं. हावगेप्पाच्या लेकाची मुलगी पुढच्या महिन्यात लिंगधारणेला येणार होती. बाळाच्या गळ्यात इष्टलिंग ज्या दोऱ्यात घालतात, तो शिवदार आजोबाच्याच हातच्या सुताचा होईल. चाळीस जणांनी "शरणु शरणार्थी" म्हटलं. हावगेप्पानंही म्हटलं, कारण न म्हणून करतो काय?

घरी येताना रत्नम्मा एवढंच बोलली, "देवाधर्माच्या बैठकीत खोटं. आन् तेबी नातीच्या गळ्यात बांधायचं."

ते त्याला लागलं. आयुष्यात त्यानं तिकिटाविना एक माणूस नेला नव्हता, स्वतःच्या मेव्हण्यालाही नाही, आणि आता स्वतःच बिनतिकिटाचा उभा होता. दुसऱ्या दिवशी तो मागच्या गल्लीत शोभाबाईंच्या दारात गेला. शोभाबाई निवृत्त शिक्षिका. विहारात परित्राणपाठाच्या वेळी जे पांढरं सूत सगळ्यांच्या हातातून फिरवतात, ते त्या स्वतः टकळीवर कातायच्या. गावात टकळी होती ती त्यांच्याकडंच.

"किती दिवसांत शिकायचंय?" बाईंनी विचारलं.

"एका महिन्यात."

"सूत किती?"

"शिवदार होईल एवढं."

बाईंनी बोटांवर हिशोब केला. नऊ पदर, दोन-दोन हातांचे. "अठरा हात. एकसंध. पोरं पंधरा दिवसांत शिकत्यात, अण्णा. तुमी का न्हाई शिकणार?"

का नाही, ते लवकरच कळलं. टकळी म्हणजे काय, तर एक बारकी काडी, खाली चकती. काडीला गिरकी द्यायची, ती लोंबत फिरत राहते, आणि दुसऱ्या हातातल्या कापसाच्या पेळूतून धागा सावकाश ओढत जायचा. ऐकायला सोपं. हावगेप्पानं "रैट" म्हणून गिरकी दिली, धागा वीतभर आला आणि तुटला. टकळी टणकन फरशीवर. "होल्डान," हावगेप्पा म्हणाला. पुन्हा रैट, पुन्हा टणकन, पुन्हा होल्डान. शेजारच्यांना वाटलं, बाईंच्या घरात गाडी शिरली.

"कामून तुटायलंय बाई?"

बाईंना आधी वाटलं, दोष अंगठ्याचा. जन्मभर तिकिटं फाडलेला अंगठा, हातात येईल ते टरकावणारच. त्यांनी अंगठ्याला पट्टी बांधली. धागा तुटला. मग त्यांना वाटलं, माणूस उभा आहे म्हणून. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं. हावगेप्पा टकळीसकट झोपला. मग त्यांनी पायाला खडूनं गोल आखला आणि हलायचं नाही अशी ताकीद दिली. तेव्हा कुठं खरं दुखणं दिसलं. हावगेप्पा उभ्या जागी डुलत होता. फरशी हलत नव्हती आणि हा हलत होता. पुढं, मागं, मधेच एक हिसका.

"अण्णा, खड्डे चुकवायलाव की काय तुमी?"

"मी न्हाई ओ. पाय चुकवायल्यात."

वीस दिवस गेले. जमलेलं सूत वीतभर, त्यात तीन गुठळ्या. नात आईबापांसोबत येऊन दाखल झाली. पाळण्यात पडल्या पडल्या ती आजोबाकडं बघून हसायची, आणि हावगेप्पाला ते हसू सोसत नसे. एका सकाळी त्याचा धीर सुटला. बसवकल्याणच्या दुकानात तयार शिवदार मिळतो, तो आणावा, थोडा मळवावा आणि आपला म्हणून द्यावा, असं त्यानं ठरवलं. रत्नम्माला न सांगता तो स्टँडवर गेला.

गाडी खच्चून भरली होती. हावगेप्पा आपल्या जुन्या जागी, मागच्या दाराच्या दांड्याला पाठ लावून उभा राहिला. गाडीची कंडक्टर नागरत्ना नवी होती, ती त्याला ओळखत नव्हती.

"कुटं उतरायचं, अप्पा?"

"बसवकल्याण," तो हळूच म्हणाला.

गाडी हायवेला लागली. हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांनी बसमध्ये उभं राहायची त्याला सवय नव्हती. खिशात टकळी होती. नुसता चाळा म्हणून त्यानं ती काढली आणि गिरकी दिली. धागा वीतभर आला. हातभर आला. दोन हात आला. गाडी डावीकडं झुकली, हावगेप्पा उजवीकडं झुकला, टकळी दोघांच्या मधोमध शांत फिरत राहिली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पायाखालची जमीन त्याच्याएवढीच हलत होती. शेजारच्या म्हातारीनं तोंडाला पदर लावला. बंगल्याच्या फाट्यापर्यंत दोन हात सूत झालं, आणि बसवकल्याणला हावगेप्पा दुकानाकडं न जाता परतीच्या गाडीत चढला.

मग तो रोज जाऊ लागला. हुमनाबाद ते बसवकल्याण, बसवकल्याण ते हुमनाबाद, तिकीट काढून, दांड्याला टेकून. अडचण एकच. मोकळ्या हायवेवर सूत बारीक आणि छान निघे, पण गतिरोधक आला की गाडी उडे, हात उडे आणि धाग्यात कापसाची एक गुठळी बसे. लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली. वाकून जाताना म्हणू लागले, "सूत सांभाळा हो, सूत हाय!" नागरत्ना मात्र रोज विचारायची, "कुटं उतरायचं, अप्पा?" तिचं बरोबरच होतं, तिला तिकिटावर गाव लागतं. पण तो प्रश्न हावगेप्पाला रोज टोचायचा. कुठंच जायचं नसलेला, वेळ घालवायला गाडीत बसणारा रिकामटेकडा म्हातारा, असंच ती समजत असणार, आणि तो तसा नाही हे त्याला धड सांगताही येत नव्हतं.

लिंगधारणेच्या आदल्या दिवशी अठरा हात पुरे झाले. शोभाबाईंनी मोजून दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठकीचं सभागृह भरलं. सुनेच्या मांडीवर बाळ, समोर मल्लेश्वरी अक्का, त्यांच्या हातात सुताचा गुंडा. अक्का खूश होत्या, आणि खूश माणूसच असा घात करतो. त्या म्हणाल्या, "पदर घालायच्या आदी सगळ्यांना एकदा कातून दावा. शेवटचा धागा तसाच लावा टकळीला. पोरं बगू द्यात, कायक कसं असतंय."

हावगेप्पा उठला. फरशी गार आणि ढिम्म होती. त्यानं गुंड्याचं टोक टकळीला जोडलं आणि गिरकी दिली. पाय डुलले, फरशी हलली नाही, धागा तुटला. टणकन. दुसऱ्यांदा गिरकी, दुसऱ्यांदा टणकन. तिसऱ्या खेपेला सगळं सभागृह श्वास रोखून बघत होतं, आणि टकळी घरंगळत अक्कांच्या पायाशी गेली. तीन तुटींत टोकाकडचं दीड हात सूत उसवून कापूस झालं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "शोभाबाईनं कातून दिलं असल."

शोभाबाई ताडकन उठल्या, पण हावगेप्पानं हात केला.

"अक्का," तो म्हणाला, "त्या दिशी मी खोटं बोललो. टकळी मी बघितलीबी नव्हती. काम न्हाई म्हणायची लाज वाटली मला. पण हे सूत माजं हाय. मला निस्तं बसमदी कातता येतंय. हितं येत न्हाई."

कुणी हसलं, तसं रत्नम्मानं वळून अशी नजर टाकली, की हसू तिथंच मेलं. तिला तरी हे कुठं ठाऊक होतं? रोज तो उंडारायला जातो असंच ती समजत होती. तिचे डोळे भरून आले.

अक्कांनी गुंडा पुन्हा हातात घेतला. शेवया करून तयार झालेली त्यांची बोटं धाग्यावरून फिरत होती. एका जागी थांबली.

"ही गुठळी कशाची?"

"राजेश्वर गावचा गतिरोधक, अक्का."

"आन् ही?"

"त्याच्याच म्होरची. शाळंपाशी."

"ह्या दोन जवळजवळ?"

"बंगल्याचा फाटा. तितं दोन हाईत. परतीला त्या उलट्या येत्यात, बगा म्होरं."

अक्कांनी पुढं चाचपलं. होत्या. "बरोबर हाय, अक्का!" श्रीशैल ओरडला. "त्या दोन्हीवर रोज माजी कंबर मोडती!" मग काय, सगळेच गुंड्याभोवती गोळा झाले. ज्याला त्याला आपलं गाव धाग्यात शोधायचं होतं. एक म्हातारा हटून बसला, "आमचं कोहिनूर कुटं हाय यात?" त्याला हावगेप्पानं जुन्या सवयीनं सांगितलं, "कोहिनूरला दुसरी गाडी, मालक. म्होरच्या फलाटावर."

अक्कांनी गुंडा वर धरला. "खोटं तर तुमी बोललाव. त्याची भरपाई सूत कातून केलाव. पर दीड हात कमी पडायलंय, आन् हितं तुमाला येत न्हाई. मग जितं येतंय तितं चला की."

"साडेचारची हाय," हावगेप्पाच्या तोंडून आपसूक निघालं.

साडेचारच्या गाडीत एकदम चाळीस माणसं चढली. विभूती, फुलं, तान्हं बाळ आणि प्रसादाचं पातेलं घेऊन.

"ही वरात कुटं जायलीय?" नागरत्नानं विचारलं.

"लिंगधारणा हाय," अक्का म्हणाल्या. "दीड हात काम ऱ्हायलंय."

नागरत्नानं चाळीस माणसांकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं. "पातेलं शिटाखाली सारा," ती म्हणाली आणि दारावर थाप मारली.

हावगेप्पा दांड्याला टेकला. गाडी हलली, तो हलला आणि टकळी फिरायला लागली. राजेश्वरला गाडी उडाली, सगळेच्या सगळे एकसाथ उडाले, आणि एक शेवटची गुठळी धाग्यात बसली. बंगल्याच्या आधी दीड हात भरला. शोभाबाईंनी सीटच्या दोन दांड्यांना सूत गुंडाळून नऊ पदर घातले, पीळ दिला, आणि अक्कांनी चालत्या गाडीत मंत्र म्हणत शिवदार बाळाच्या गळ्यात घातला. बाळानं मुठीत राजेश्वरचा गतिरोधक धरला आणि तोंडात घातला. हावगेप्पाच्या हातात टकळी तशीच फिरत होती. थांबवायचं त्याच्या ध्यानातच नव्हतं.

नागरत्ना तिकिटं फाडत फाडत त्याच्यापर्यंत आली.

"कुटं उतरायचं, अप्पा?"

हावगेप्पानं मान वर केली.

"उतरायचं न्हाई, बाई," तो म्हणाला. "कामावर हाय."

आणि तिकिटाचे पैसे त्यानं तिच्या हातावर ठेवले.