मॅक्रोची चिठ्ठी

भुतंबितं सगळं थोतांड, असं मी आजवर लोकांच्या तोंडावर सांगत आलोय. चाळीस वर्षं फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाजवळ उभारलो, कशाला भ्यालो न्हाय. शिक्षण चौथी. वहीत लिहून देतोय, लेक टाइप करणार. चुकलंमाकलं पदरात घ्या.

शिवाजी पेठेत आमचं घर. माडीवर लेक सुमन कंपनीचं काम करती, रस्ट नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत. बायको शालन तिच्या शेजारी शेंगा फोडत बसायची. एकदा सुमननं तिला मॅक्रो समजावला — आपण एक शब्द लिहायचा, मशीन त्याच्या पन्नास ओळी करतंय. पण दुसऱ्याच्या लायब्ररीतला, म्हंजी दुसऱ्यानं लिहून ठेवलेल्या कोडातला, मॅक्रो पायजे आसंल तर नुसती लायब्ररी आणून भागत न्हाय. मॅक्रोचं नाव फायलीत वर सांगावं लागतंय.

शालन फौंड्रीत वाळूचे कोअर बनवायची, ओतकाम पोकळ व्हावं म्हणून साच्यात मधी ठेवतात ते. लगेच म्हणाली, "मग हे आमच्या पॅटर्नसारखंच की! दुसऱ्या कारखान्यातनं साचा पाडायचा लाकडी पॅटर्न आणला की गेटवर टेम्पोची नोंद येगळी, आन् आत पॅटर्नला चिठ्ठी येगळी. चिठ्ठी नसंल तर मिस्त्री हात लावू देतोय व्हय?"

तवापासनं रोज विचारायची, "चिठ्ठी लावलीस का गं?"

"आई, तू काय माझी मॅनेजर हाईस?" सुमन चिडायची.

श्रावणात शालन गेली. झोपेतच.

दीड महिन्यानं, मंगळवार, सकाळचे अकरा. सुमनला बाराच्या आत काम द्यायचं होतं, न्हायतर नोकरी जाणार — साहेबानं आधीच दोनदा सांभाळून घेतलेलं. आन् कॉम्प्युटर म्हणतोय, मॅक्रो सापडत न्हाय. काय करायचं ते बी खाली लिहून दावतोय म्हणं, पण पोरीच्या डोळ्यांत पाणी, वाचणार कशी?

"आबा, मला न्हाय जमत आता," म्हणाली आन् खाली तोंड धुवायला गेली. मी खिडकीकडं तोंड करून बसलो. मला बी रडू आलेलं, तिला दावायचं नव्हतं.

मागं खुर्ची करकरली... मग बटनांचा आवाज. सावकाश, एकेका बोटाचा. वाटलं, सुमन आली.

"चा ठेवू काय?" मी तसंच विचारलं.

बटनांचा आवाज चालूच.

तो थांबला, आन् मग जिन्यात सुमनची पावलं वाजली.

"आबा, ही वरची मॅक्रोच्या नावाची ओळ कुणी लिहिली?"

"मला इंग्रजी येतंय व्हय?"

तिनं चालवून बघितलं. चाललं! आन् मग ती बटनांकडंच बघत ऱ्हायली. चार-पाच बटनांवर काळी वाळू. बोटावर घेऊन हुंगली — कोअरच्या तेलाचा वास. शालननं फौंड्री सोडून अकरा वर्षं झालेली...

नोकरी वाचली. सुमनच्या कंपनीतली पोरं म्हणतात, सॉफ्टवेअर कधीकधी आपोआप ओळ घालतंय. घालत आसंल. वाळू बी तेच घालतंय काय? सुमनला कळत न्हाय, मला बी न्हाय.

माझं दुखणं येगळं हाय, पावणं. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी शालनला चा ठेवू काय म्हणून कधी विचारलं न्हाय. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं... आन् वळून बघितलं न्हाय.