डिस्पेन्सचा दुसरा अर्थ

डी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला डिस्पेन्सिंग हा विषय होता. डिस्पेन्स करणे म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी वाचून, मोजून-मापून, पुडीवर नाव घालून औषध हातात देणे. गुलबर्ग्याच्या कॉलेजात हा शब्द रोज कानावर पडायचा. त्यामुळे मला तो पुरता कळलाय, असं मी धरून चाललो होतो.

दिवाळीच्या सुट्टीत संतपूरला आलो, तेव्हा गल्लीतली अक्का एक पाकीट घेऊन घरी आली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, मला तम्मा म्हणजे धाकटा भाऊ म्हणायची. नवरा वारल्यावर लहान मुलीला घेऊन भावाकडे राहायला आलेली. बारावी शिकलेली, मराठी-कन्नड सफाईनं वाचायची, पण इंग्रजीत अडायची. गुलबर्ग्यातल्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीला बाई हवी होती. राहायला खोली आणि मुलीला तिथल्याच शाळेत प्रवेश. अक्कानं अर्ज केला होता. त्याचं चार ओळींचं उत्तर आलं होतं, इंग्रजीत.

मी उभ्या उभ्याच वाचलं. ‘इंटरव्ह्यू’ दिसला, त्याच ओळीत ‘डिस्पेन्स’ दिसला.

“मुलाखत द्यायची हाय तुला, अक्का. तारीख कळवतील.”

“व्हय? मग खाली ह्ये पंधरा दिवस काय लिव्हलंय?” आकडा तिला वाचता आला होता.

“त्ये मुलाखतीनंतरचं. कागदं द्यायला.”

“नीट बघ की रं, तम्मा.”

“मग मी तिथं काय शिकायलोय?” मी म्हणालो. ती हसली आणि पत्र घडी करून घेऊन गेली.

सुट्टी संपेपर्यंत रोज दुपारी मी तिची मुलाखत घेतली. मी साहेब होऊन बाजेवर बसायचो, ती समोर उभी राहायची. मुली भांडल्या तर काय कराल? एखादीला ताप आला तर? अक्का विचार करून उत्तरं द्यायची. “आधी कपाळाला हात लावून बघीन, मग वार्डनबाईला सांगीन,” असं म्हणायची. मला त्या साहेबपणाची मजा येत होती. तिची मुलगी उंबऱ्यात बसून ऐकायची आणि आईचं उत्तर बरोबर आलं की टाळी वाजवायची.

तारीख काही कळवली गेली नाही. महिना उलटला, तेव्हा अक्का पहाटेच्या बसनं गुलबर्ग्याला आली आणि मी तिला घेऊन संस्थेच्या ऑफिसात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या क्लार्कनं चष्मा लावून पत्र वाचलं आणि आमच्याकडं पाहिलं.

“इंटरव्ह्यू माफ था तुम्हारा, अम्मा. सीधा कागज लेके आना था, पंद्रा दिन में. अब तो दूसरी बाई आ गई.”

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही.

त्या क्षणी मी एक वाक्य बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “असलं अवघड इंग्रजी कामून लिव्हता तुम्ही?” क्लार्कनं पत्र परत सरकवलं. अक्काच त्याला म्हणाली, “मलाच यायला उशीर झाला, साहेब.”

तिला बसमध्ये बसवून मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो आणि जाडा शब्दकोश काढला. डिस्पेन्स : वाटणे, देणे. औषध देणे. न्याय देणे. आणि त्याखाली, पुढे ‘विथ’ आला तर, वगळणे, गरज नाही म्हणून सोडून देणे. पत्रात ‘विथ’ होता. मी तो पाहिलाही होता. देणे आणि वगळणे या दोन्हींना एकच शब्द कसा, म्हणून मी त्या इंग्रजीवरच चिडलो. तेवढ्यानं दोन-चार दिवस बरं वाटलं.

पुढं भावाच्या घरी तिचं जमेना. ओळखीनं ती गाणगापूरला एका लॉजवर कामाला लागली. यात्रेकरूंच्या खोल्या झाडायच्या, चादरी धुवायच्या. मुलगी तिथल्याच शाळेत शिकली. मी औषधाचं दुकान टाकलं, लग्न केलं. गाणगापूर काही लांब नाही, पण मी चौदा वर्षं तिकडं फिरकलो नाही. गेल्या वर्षी बायकोनं दर्शनाचा हट्ट धरला म्हणून गेलो आणि लॉज शोधत गेलो.

अक्का गच्चीवर चादरी वाळत घालत होती. केस पिकलेले. मला बघून तिला खरंच आनंद झाला. बायकोची, मुलांची चौकशी केली. मी मध्येच म्हणालो, “अक्का, त्या पत्राचं... चूक माझी व्हती. मी उलटं वाचलं.”

“ठाव हाय की. तिथंच कळलं मला.”

“मग बोलली कामून न्हाईस?”

तिनं चादरीचं टोक ताणून चिमटा लावला. “तू बोलशील म्हणून वाट बघितली. एक-दोन वर्षं बघितली. मग कामात इसरून गेले.”

तिच्या बोलण्यात राग असता तर मला काही बोलता आलं असतं. खालून कुणीतरी कन्नडमध्ये गरम पाणी मागितलं. “बंदे, आले,” म्हणत ती जिन्याकडं वळली आणि जाता जाता म्हणाली, “जेवल्याबिगर जाऊ नको.”

आम्ही जेवलो. तिनं बायकोला दोनदा आग्रहानं भाकरी वाढली. उंबऱ्यात बसून टाळी वाजवणारी तिची मुलगी आता कुठं असते, हे विचारायचं माझ्या मनात होतं. पण शेवटपर्यंत मला ते विचारता आलं नाही.