मावशीने सभागृह उठवलं

माझी मावशी बस कंडक्टर होती आणि तिच्या बसमध्ये लोक झोपायला बसत. म्हणजे कुठेतरी जायचं असायचंच, पण झोप पक्की. सकाळच्या फेरीला अर्धी बस घोरत असे आणि कुणालाही फिकीर नसे, कारण प्रत्येकाचा स्टॉप मावशीला पाठ होता. हॉस्पिटलमधल्या नर्सबाईंच्या खांद्यावर ती नुसतं बोट टेकवायची. छापखान्यातल्या काकांसाठी सीटचा दांडा खडखड वाजवावा लागे. कॉलेजच्या पोरांसाठी मात्र तिचा खास आवाज राखून ठेवलेला होता. तो लागला की फुटपाथवरची कुत्रीसुद्धा उठून उभी राहत. सगळे तिला घड्याळमावशी म्हणत. "माझ्या गाडीत झोपलेला माणूस पुढच्या स्टॉपला गेला, असं आजवर झालेलं नाही," असं ती छाती ठोकून सांगायची, आणि ते खरं होतं.

लग्न तिने केलं नाही. म्हणायची, "दिवसभर पन्नास जणांना उठवते, घरी जाऊन आणखी एकाला कोण उठवणार?" डेपोपासून थोडं पुढे, एका शिंप्याच्या दुकानावर तिची भाड्याची खोली होती. बसचा स्टॉप बरोबर खिडकीखाली. सुट्टीच्या दिवशी ती खिडकीत चहा घेऊन बसायची आणि बसला उशीर झाला की तिथूनच ड्रायव्हरला झापायची. त्या खोलीवर तिचा भारी जीव.

घोडं अडलं होतं ते एका शब्दापाशी. मावशी 'हंगामी' होती. केस काळे असताना लागलेला हंगाम केस पांढरे झाले तरी संपला नव्हता, आणि हंगामी माणसाला पेन्शन नसते. आता महिन्याभरात ती रिटायर होणार होती. पेन्शन नाही म्हणजे खोलीचं भाडं नाही, आणि भाडं नाही म्हणजे मामीचं घर.

माझी मामी वाईट बाई नाही. ती फक्त चोवीस तास बरोबर असते. चहा किती उकळावा, टॉवेल कसा पिळावा, खोकला आला तर कोणत्या दिशेला खोकावं, सगळं तिचं ठरलेलं. मावशीचं आणि तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य. तरी मामीने अडगळीच्या खोलीत मावशीसाठी खाट टाकून ठेवली होती, आणि दिवा कधी मालवायचा ते भिंतीवर लिहूनही ठेवलं होतं. मामीचं घर मावशीच्याच रूटवर, अगदी शेवटच्या स्टॉपला.

"त्यापेक्षा मी बसमध्येच राहीन, मागच्या लांब सीटवर," मावशी म्हणाली आणि चक्क रडली. मावशीला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला मामीचा, सरकारचा आणि त्या शेवटच्या स्टॉपचा असा संताप आला की मी मावशीचाच चहा पिऊन टाकला.

आशा एकच होती. विधानसभेत एक विधेयक आलं होतं: पेट्रोल-डिझेलवर थोडा जादा कर, आणि त्या पैशातून नव्या बस, रस्त्यांची डागडुजी, हंगामी कामगारांना पेन्शन आणि आजारपणाची रजा. बस सगळ्यांना हव्या होत्या, रस्तेही हवे होते, कर तेवढा कुणालाच नको होता. एक आमदार म्हणाले, आधी आमचा पूल. दुसरे म्हणाले, पेन्शनचं कलम काढा, मग बोलू. तिसरे गहिवरून म्हणाले की कर वाढला तर गरीब माणूस गाडी विकेल आणि पायी फिरेल. "मग बसमध्ये बसेल की!" असं समोरून कोणीतरी ओरडलं आणि कामकाज तहकूब झालं. असं आठवडेच्या आठवडे चाललं होतं. आता अधिवेशनाचा शेवटचा दिवस उजाडला. आज मतदान झालं नाही किंवा विधेयक पडलं, तर पुढचं अधिवेशन येईपर्यंत मावशी मामीच्या खाटेवर पोचलेली असणार.

मी चष्म्याच्या दुकानातून रजा काढली. मावशी सकाळची ड्युटी आटोपून तशीच गणवेशात आली. विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीच्या दारात मार्शलने नियम सांगितले. बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, कठड्यावरून वाकायचं नाही.

"डुलकी लागली तर?" मावशीने विचारलं.

"ताई, खाली बघा," मार्शल म्हणाला. "त्याला इथे बंदी नाही."

खाली विरोधकांचे एक आमदार बोलायला उभे होते. त्यांना सगळे व्याख्यानमाला म्हणत, आणि का म्हणत ते लगेच कळलं. विधेयकाच्या बाजूचे आणि विरोधातले जवळजवळ बरोबरीत होते, त्यात सरकार पक्षाचे दोघे पुलावरून रुसून बसलेले. म्हणजे विधेयक पडणारच होतं. पण व्याख्यानमालांना घाई नव्हती. ते कराच्या उगमापासून सुरू झाले. नुकतंच जेवण झालेलं, वर पंखे संथ फिरतायत, आणि हा गृहस्थ एका सुरात बोलतोय. समोरची सरकारी बाकं रागाने जागी राहिली. व्याख्यानमालांच्या स्वतःच्या पक्षाला मात्र रागवायचं काही कारणच नव्हतं. तिकडे एकेक मान पडू लागली.

मावशीला ते बघवेना. "अगं, तो कोपऱ्यातला बघ," ती माझ्या कानात कुजबुजली. "मांडीवर पिशवी घेऊन झोपलाय. त्याचा स्टॉप कुठला असेल?"

"मावशी, गप्प!"

ती गप्प झाली, आणि पहाटे चारची उठलेली असल्यामुळे माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

शेवटी व्याख्यानमाला थकून खाली बसले. अध्यक्ष म्हणाले, "घंटा होताच बाजूच्या सदस्यांनी आपापल्या जागी उभं राहावं. विरोधातल्यांनी बसून राहावं." आणि घंटा वाजली. टण्. एकदाच.

आता बसमध्ये एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. जन्मभर हेच ऐकलेली बाई ती. डोळे उघडायच्या आधी मावशी उभी राहिली आणि कॉलेजच्या पोरांसाठी राखलेला तो आवाज तिने सभागृहात सोडला.

"चलाऽऽ! शेवटचा स्टॉप! उठाऽ, उठा! सामान बघून घ्या!"

सरकारी बाकं उभी होतच होती. पण पलीकडची झोपलेली मंडळीही ताडकन उभी राहिली. एकाने वरचा दांडा पकडायला हात उंच केला. पिशवीवाले तर पिशवी काखेत मारून दाराकडे निघालेसुद्धा. मोजणाऱ्या कारकुनाने डोकी मोजायला घेतली.

"हे चालणार नाही!" व्याख्यानमाला किंचाळले. "आमचे सदस्य झोपेत उभे राहिलेत!"

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "सन्माननीय सदस्यांचं म्हणणं आहे की त्यांचे सहकारी सभागृहात झोपले होते. जे जे झोपले होते, त्यांनी कृपया खाली बसावं." आणि त्यांनी हळूच वार्ताहरांच्या बाकांकडे पाहिलं. तिथे सगळी पेनं उघडलेली.

इकडे आड, तिकडे विहीर. कोणी बसेना.

"मी विवेकाला स्मरून उभा आहे," पिशवीवाले अर्ध्या वाटेवरून म्हणाले.

"आणि पिशवी?"

"पिशवीसुद्धा."

मग काय, सगळ्यांनाच विवेक आठवला. एकाने आपले आजोबा कसे रोज बसने जात ते सांगायला घेतलं. व्याख्यानमालांनी कपाळाला हात लावला. स्वतःच्याच माणसांना अंगाई त्यांनीच गायली होती, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हा सगळा तमाशा आम्हाला पुढे वर्तमानपत्रातून कळला. त्या क्षणी मार्शलने आम्हाला दंड धरून बाहेर काढलं होतं. जिन्यात मावशी मटकन खाली बसली.

"माझ्यामुळे गेलं गं सगळं," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या लोकांच्या कामात मी घाण केली. वहिनीला फोन कर, म्हणावं खाट राहू दे."

मी पर्समध्ये फोन शोधू लागले. तेवढ्यात आतून बाकं बडवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने मार्शल जिना उतरून आला. तोंड गंभीर करून म्हणाला, "ताई, तुम्हाला इथे कायमची बंदी आहे." मग त्याला राहवेना. "आणि पास झालं!"

मावशीने त्याच्या गळ्यालाच मिठी मारली. त्याची टोपी घरंगळत तळमजल्यापर्यंत गेली. ती आणायला आम्ही तिघंही हसत सुटलो, आणि मी इतकी हसले की मला उचकी लागली.

पहिली पेन्शन जमा झाली त्या दिवशी मावशी मला घेऊन बाजारात गेली आणि खोलीसाठी नवे पडदे घेतले. परतताना आम्ही तिच्याच रूटची बस पकडली. आयुष्यात पहिल्यांदा ती खिडकीशी बसली. कंडक्टर नवी मुलगी होती. पडद्यांची गुंडाळी उराशी धरून मावशी दुसऱ्या मिनिटाला घोरू लागली.

शिंप्याचं दुकान जवळ आलं तशी मी तिला हलवायला वळले. नव्या कंडक्टरने मला खुणेने थांबवलं आणि एक घंटी दिली. बस थांबली. मागच्या सीटवरून नर्सबाई आल्या आणि त्यांनी मावशीच्या खांद्यावर बोट टेकवलं. काही नाही. छापखान्यातल्या काकांनी दांडा खडखडवला. तरी काही नाही. मग दारातल्या कॉलेजच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, छाती भरून घेतली आणि एका दमात ओरडली, "उठाऽऽ!"

मावशी दचकून उठली. खिडकीबाहेर बघायचंही तिला भान नव्हतं. माझा हात घट्ट धरून तिने विचारलं, "वहिनीचं घर आलं?"

"नाही मावशी," अख्खी बस म्हणाली. "तुमचं."

माझ्यामागोमाग ती उतरली. माझ्याकडे पडदे दिले, डोळे पुसले आणि बसच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. बस निघाली आणि तिला न घेताच शेवटच्या स्टॉपकडे गेली.