पहाटे पडणारा दात

सुरतेच्या लिंबायत भागातल्या त्या गल्लीत मालतीबाईंइतकी स्वप्नं कोणालाच पडत नसत. दुपारी साड्यांचे धागे कापता कापता डोळा लागला, तर तेवढ्यात बाई एखादं लग्न उरकून येत आणि त्यात कोण जेवलं, कोण रुसलं, हे हर्षदाला, आपल्या मुलीला, साग्रसंगीत सांगत.

पण पहाटेचं एक स्वप्न त्यांनी आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पोटातच ठेवलं होतं. त्यात त्या माहेरच्या घाटावर तापीत गुडघाभर पाण्यात उभ्या असत. पाणी कोमट, संथ. वरून पळसाची फुलं वाहत येत, कोणाच्या तरी झोक्यावरची गाणी येत, आणि सगळं खानदेशातून हळूहळू सुरतेकडे निघून जाई. मग तोंडात काहीतरी सैल व्हायचं. हाताची ओंजळ धरली की दात अलगद तिच्यात पडे, मक्याच्या दाण्यासारखा. दुखत नसे. पाण्यात सोडला की तोही सुरतेची वाट धरी. इतकं गोड स्वप्न, की जागं होऊ नये. आणि जाग आली की काळजात धस्स.

कारण स्वप्नात दात पडला की घरातलं माणूस जातं, असं आईने सांगितलेलं. आणि पहाटेचं स्वप्न खरं होतं, हे तर जगाला ठाऊक. घरातलं माणूस म्हणजे सुकलाल, त्यांचा नवरा. सुरतेबाहेरच्या सचिन गावात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला, अंगात शुगर, आणि मोटारसायकल अशी हाकणार, की रस्ता जणू सासऱ्याने आंदण दिलाय.

मग बाईंनी त्याला जपायला घेतलं. गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात गेली. शनिवारचे उपास सुरू झाले. झोपेत त्याचं घोरणं जरा थांबलं की त्या त्याला गदागदा हलवत.

"काय व्हयनं?" तो दचकून विचारी.

"काही नही. झोपा."

या सगळ्या घोरात स्वतःच्या तोंडाकडे बघायला कोणाला वेळ? सकाळी हिरड्यांतून रक्त येई. बाईंची समजूत साधी : दुखऱ्या जागी हात लावू नये. म्हणून खालच्या दातांना ब्रश लावणंच त्यांनी सोडलं होतं. तिथे भाजलेल्या तंबाखूची मशेरी बोटाने दाबायच्या. हिरडी बधिर व्हायची, की त्यांना वाटे, चला, बरी झाली.

धाग्याची गाठ कात्रीला दाद देईना, की त्या ती दातांनी तोडत. एके दुपारी अशीच गाठ तोडली आणि मोतिया साडीवर लाल ठिपका उमटला. हर्षदाने तो पाहिला, आईचा ओठ खाली ओढून हिरडी पाहिली. दुसऱ्या दिवशी तिने आईला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी दात हलवून पाहिले. एकाखालचं हाड पारच गेलं होतं. तो काढावा लागणार होता. बाकीचे साफ केले तर टिकणार होते.

"माजी, लोही नीकळे एटले ज घसवानुं, धीमे धीमे," त्या गुजरातीत म्हणाल्या. रक्त येतं म्हणूनच घासायचं, हळू हळू. मळ साठतो म्हणून हिरडी सुजते, सुजते म्हणून रक्त येतं. मशेरी कायमची बंद.

दात निघाला आणि मालतीबाई रडू लागल्या. डॉक्टरीणबाईंना वाटलं दुखतंय. पण बाई आनंदाने रडत होत्या. पडायचा तो दात पडला होता, आणि माणूस सचिनला धडधाकट लूम चालवत होतं!

"घरमां कोईने शुगर छे?" डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं.

"पप्पांना," हर्षदा म्हणाली.

मग त्यांचंही तोंड तपासायला हवं, त्या म्हणाल्या. शुगर असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्या शुगर आटोक्यात राहू देत नाहीत. मालतीबाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं.

संध्याकाळी सुकलाल आला, तसा त्यांनी त्याला उजेडात, उंबऱ्यावर बसवलं.

"तोंड उघाडा. दखू द्या माले."

"डॉक्टरीण व्हयनी का?" तो हसला, पण त्याने तोंड उघडलं.

हिरड्या जांभळ्या, फुगलेल्या. मागच्या दाढेशी पू. तीस वर्षं या माणसाला त्यांनी हाताने रांधून वाढलं, पण तो घास जातो कुठे, हे कधी पाहिलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकायला लावून त्याला दवाखान्यात नेलं. त्याच्या पुढच्या सकाळी मोरीपाशी दोघं नवे ब्रश घेऊन उभी राहिली. सुकलालने चार वेळा घासलं, थुंकला, आणि पांढऱ्या फेसात लालभडक रक्त पाहून घाबरला.

"रगत ऊनं! बंद करू?"

बाईंनीही ते रक्त पाहिलं. इतके महिने त्या याच माणसाच्या अंगावर ओरखडा उठू नये म्हणून जीव टाकत होत्या. त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"थांबू नका," त्या म्हणाल्या. "हळू करा, पन थांबू नका."