पळणाऱ्या, पोहणाऱ्या आणि आम्ही विड्या वळणाऱ्या

पुस्तक ऐकून मी ढसाढसा रडले, हे घरात कुणालाच खरं वाटलं नाही. नवरा म्हणाला, "तंबाखू डोळ्यात गेली असंल!" चौथी शिकलेल्या बाईनं पुस्तकापायी रडू नये, असा काही कायदा आहे काय? खरं कारण सांगायला मात्र माझी जीभ रेटली नाही. रडले ती माझ्या रेणुकाच्या खो-खोसाठी. ते पुढं येईलच. दोन वर्षांत अशा गोष्टी इतक्या साचल्यात, की कुठून सुरू करू कळत नाही.

आम्ही कुंभारीतल्या विड्या वळणाऱ्या चौघी. दुपारी माझ्या ओसरीवर सुपं घेऊन बसतो. मुमताज दहावी झालेली, म्हणून ती वाचते, आणि तिच्या वाटणीच्या विड्या आम्ही तिघी वळतो. वाचनालयातल्या मॅडम याला 'बुक क्लब' म्हणतात. म्हणू देत!

*

पहिल्यांदा वाचनालयात गेलो तेव्हा कादंबऱ्या सगळ्या बाहेर गेलेल्या. मॅडमनी एका पळणाऱ्या बाईची खरी गोष्ट हातात ठेवली.

आमच्यातली लक्ष्मी म्हणजे तेलुगू घरची, तोंडानं तिखट. ती म्हणाली, "पळणारीचं काय ऐकायचं कमलअक्का? मी रोज नळाला पळते, माझ्यावर लिवा की!"

चौथ्या दिवशी लक्ष्मीला ताप आला. तिच्या सुनेनं येऊन सासूचा निरोप दिला, "अत्तींनी सांगितलंय, मी येईपर्यंत तिला पळवू नका!"

*

शेवटची शर्यत आली त्या दिवशी कुणाचं सुपाकडं लक्ष नव्हतं. बाई जोरात पळायला लागली, तशी लक्ष्मीची बोटंही जोर धरायला लागली. विड्या इतक्या घट्ट वळल्या की विचारू नका!

दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल तपासणाऱ्या चेकरनं तिच्या अर्ध्या विड्या बाजूला काढल्या. "मावशी, ओढून धूर येत न्हाय. काय भरलंय ह्यात?"

लक्ष्मी म्हणाली, "शेवटचे शंभर मीटर!"

*

मग समुद्र पोहणारीचं पुस्तक आणलं. थंडीनं तिचे हात बधिर झाले, किनारा दिसेना, आणि मुमताज पुस्तक मिटून उठली. "बाकीचं उद्या, कमलआपा."

मी पुस्तक ठेवून घेतलं. ओळीवर बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत बसले. नवरा आला. "भाकरी कुटं हाय?"

"थांबा की जरा! बाई अजून पाण्यात हाय!"

खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचे धंदे, असं म्हणण्यात मी जन्म घालवला. आणि आता एका अनोळखी बाईसाठी चूल पेटवायची विसरले!

*

यंदा आणलं ते पुस्तक खो-खोच्या पोरींचं. ह्याच्यावर मी रडले.

माझी रेणुका आठवीत होती. तिचं नाव जिल्ह्याच्या टीममध्ये आलं, तेव्हा मी तशीच उठून शाळेत गेले. सरांना म्हणाले, "माझी पोरगी हाफपँट घालून परगावी जाणार न्हाय. नाव कापा!" सरांनी हात जोडले, बिचाऱ्यांनी. मी ऐकते होय!

घरी येऊन पोरीला सांगितलं, "सरांनीच तुला काढलं."

त्यानंतर सर रस्त्यात दिसले की रेणुका तोंड फिरवायची. सरांनी खरं कधीच सांगितलं नाही. मीही नाही. आता ते सर गेले. त्यांची माफी मागायचंही राहून गेलं.

*

रेणुका दुधनीला दिलेली. गेल्या महिन्यात चार दिवस माहेरी आली, आणि सूप घेऊन आमच्यात बसली. मुमताज शेवटचा भाग वाचत होती. पोरी स्पर्धेला निघाल्यात, एसटी हललीय, आणि एकीची आई खिडकीतून भाकरीचं फडकं आत देतेय.

रेणुकाच्या हातातलं पान तसंच राहिलं.

लक्ष्मी म्हणाली, "तू बी खेळायचीस न्हवं गं? मग का सोडलंस?"

"सोडलं न्हाय मावशी. आमच्या सरांनी माझं नाव कापलं. मेलेल्या माणसाला बोलू नये, पण त्यांच्यायवढा वाईट माणूस मी बघितला न्हाय."



"सरांनी न्हाय कापलं," मी म्हणाले.

"मग?"

"दुसऱ्यानंच शाळेत जाऊन कापायला लावलं. मला ठावं हाय."

रेणुकानं सूप बाजूला सारलं. मुमताजनं पुस्तक मिटलं.

"कोन त्यो? नाव सांग मला त्याचं!"

"कमल."