घरातल्या सगळ्यांनी घ्यायची गोळी

"चावून खा. माझ्यासमोर. मग तोंड उघडून दाखव."

मागच्या दारात बाई उभ्या. मी खाली, मोरीजवळ, हाताला राख. त्यांनी जंताची गोळी वरून माझ्या तळहातावर टाकली. बोट लागू दिलं नाही. दुसऱ्या हातात तांब्या होता. म्हणाल्या, "ओंजळ धर."

शेजारच्या क्वार्टरमधल्या दोघीजणी कुंपणाशी येऊन बघत होत्या.

पंच्याऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. धुळ्याला सरकारी क्वार्टरमध्ये मी धुणंभांडी करायचे. बाईंनी जात विचारूनच ठेवलं होतं. मी घासलेल्या भांड्यांवर त्या पुन्हा पाणी शिंपडायच्या, मग आत न्यायच्या. पेले माझ्या हातानं लख्ख व्हायचे, पण तहान लागली की मला ओंजळच. ते अंगवळणी पडलं होतं. खोटं कशाला सांगू, त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

आदल्या दिवशी त्यांच्या पिंटूला शौचातून जंत पडला. चांगला वीतभर. पोर घाबरून रडायला लागलं. बाईंनी पदर नाकाला लावला. पोराला धुतलं मी. घाण उचलली मी. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्या, नाहीतर पुन्हा होतील.

घरातल्या सगळ्यांनी, म्हणून मलाही. दिवाळीच्या फराळाला मी घरातली नव्हते. सत्यनारायणाला नव्हते. जंतांच्या दिवशी तेवढी झाले.

मी विचारलं, "तुम्ही घेतली का, बाई?"

"आम्हाला काय झालंय? हे तुमच्याकडूनच येतं घरात."

गोळी हातात घामानं ओली झाली. औषधावर माझा राग नव्हता. माझ्या पोरींची पोटंही फुगलेली होती, झोपेत दात खायच्या त्या. गोळी हवीच होती मला. पण त्या दोघी बघत होत्या आणि मी तोंड उघडून दाखवायचं होतं, बाजारात बैलाचे दात बघतात तसं. आधी लाज वाटली. मग लाज वाटली म्हणून राग आला.

मी गोळी मोरीच्या कठड्यावर ठेवली. म्हणाले, "गोळी मी लिसू, बाई. पन घरना बठ्ठा लेतीन तशी. पेलामा पानी द्या."

घरातले सगळे घेतील तशीच मी घेईन, हे त्यांना कळलं नाही असं नाही. घसा खाकरून म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

मी हात धुतले. भांडी राखेत तशीच राहू दिली आणि निघाले.

घरी सासू कपाळाला हात लावून बसली. "गोळी खाई लेती तं काय मरती का? आते खासूत काय?" तिचं काही चूक नव्हतं. तो महिना आम्ही भाकरी आणि ठेच्यावर काढला, काही दिवस नुसत्या ठेच्याच्या वासावर. पोरींना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. औषध संपलंय, नंतर या, असं ऐकून परत आले, पुन्हा गेले. शेवटी मिळालं. आमच्याकडे धड पेला एकच होता. नवरा, सासू, पोरी, मी, सगळ्यांनी गोळी घेऊन त्याच पेल्यानं पाणी प्यायलं.

त्यानंतर कितीतरी घरं केली. आता गुडघे गेलेत, साबणानं बोटं भेगाळलीत, आणि या सगळ्याचा कंटाळा आलाय. तरी नव्या घरी गेले की पगाराचं नंतर बोलते. आधी पाणी मागते. पेल्यातून आलं तर पदर खोचते. कुणी तांब्या घेऊन "हात पुढे कर" म्हणालं, तर चपला घालून तहानलेली परत फिरते.

काम मला पाहिजेच आहे. पण ओंजळ धरणार नाही.